दर वेळी नवे भुयार

हरण्याची शक्यताच नसलेला खेळ फार काळ खेळवत नाही आणि हरणे फार महाग पडते असा खेळ कोणी दुसऱ्यांदा हाती घेत नाही. या दोन टोकांच्या मध्ये रस नेमका कुठे निर्माण होतो, हा खेळांच्या अभ्यासातील मूळ प्रश्न आहे. हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळल्या जाणाऱ्या, विचित्र प्राण्यांनी भरलेल्या भुयारांतून वाट काढायला लावणाऱ्या व्हिडिओ गेमचा एक विशिष्ट प्रकार या प्रश्नाचे फार नेमके उत्तर देतो. ते उत्तर समजण्यासाठी आरंभ मात्र जपानपासून न करता अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशापासून करणे अधिक सोयीचे ठरते.

प्रवरेच्या काठच्या या गावी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि त्याच ज्ञानेश्वरांच्या नावाशी मोक्षपट हा खेळ जोडणारी परंपरा महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. परंपरेच्या या दाव्याला त्या काळातील लेखी आधार नाही; ज्या जुन्या पटांचा अभ्यास होऊ शकतो ते प्रामुख्याने अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत, आणि पश्चिम भारतातील अशा पटांवर जेकब श्मिट-मॅडसेन या अभ्यासकाने कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये प्रबंध सादर केला आहे. वैष्णव संप्रदायात ७२ घरांचे, जैन परंपरेत ८४ घरांचे असे या पटाचे भेद आढळतात. प्रत्येक घराला नाव असते. सोंगटी तळाशी जन्मापासून निघते, पडलेल्या दानानुसार पुढे सरकते, सद्गुणांच्या शिडीवरून वर चढते, काम-क्रोधादी विकारांच्या सापाच्या तोंडी पडून खाली येते आणि अखेर वैकुंठाला किंवा मोक्षाला पोहोचते. हाच खेळ इंग्रजी अमदानीत विलायतेला गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिथे सापशिडी म्हणून विकला जाऊ लागला आणि या प्रवासात त्याच्या घरांची नावे, म्हणजे त्याचा अर्थच, गळून पडला.

मोक्षपटात दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली ही की वर चढण्याच्या वाटेवर पडणे अटळ मानलेले आहे आणि पडलेला पुन्हा चढू लागतो, यातच खेळाचा जीव आहे. दुसरी ही की दान पडल्यावर खेळणाऱ्याच्या हाती काहीही उरत नाही. कवड्या सांगतील तिथे जायचे, साप असेल तर उतरायचे. ज्यांनी हा पट रचला त्यांना हेच अभिप्रेत असावे, कारण कर्माची गती आणि माणसाची मर्यादा दाखवण्यासाठी निर्णयाचा अभावच उपयोगी पडतो. परंतु मनोरंजन म्हणून पाहता याच ठिकाणी खेळ अपुरा पडतो, आणि सात-आठ वर्षांचे मूल सापशिडीला लवकर कंटाळते त्याचे कारणही हेच आहे. दान तसेच ठेवून, पडल्यावर काय करायचे हे मात्र खेळणाऱ्यावर सोपवले तर काय घडेल, या कल्पनेवर संगणकाच्या युगात खेळांची एक संपूर्ण शाखा उभी राहिली.

या शाखेचा मूळ पुरुष ‘रोग’ हा १९८० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी रचलेला आणि पुढे केन अर्नोल्ड यांच्या साहाय्याने विकसित झालेला खेळ होय. त्यात चित्रे नव्हती. खेळणारा म्हणजे पडद्यावरचे एक चिन्ह आणि प्रत्येक राक्षस म्हणजे रोमन लिपीतील एक मोठे अक्षर. नावीन्य होते ते रचनेत. भुयाराचे मजले आधी आखून ठेवलेले नसत. प्रत्येक वेळी खेळ सुरू होताच यंत्र नियमांच्या चौकटीत राहून खोल्या, त्यांना जोडणारे बोळ, वस्तू आणि शत्रू यांची मांडणी नव्याने करी, आणि खेळणारा मेला की सारे संपून पुन्हा पहिल्या मजल्यापासून, नव्या भुयारात, आरंभ करावा लागे. यंत्राकडून नियमांनुसार होणाऱ्या या मांडणीमुळे पाठांतर निरुपयोगी ठरते आणि समज तेवढी उपयोगी पडते. कोणता जिना कुठे आहे हे लक्षात ठेवून काहीच मिळत नाही. अरुंद जागेत कसे लढावे आणि शेवटचे औषध कधी वापरावे हे कळलेले मात्र पुढच्या प्रत्येक भुयारात कामी येते.

जपानमध्ये ‘चुनसॉफ्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये हीच कल्पना घरगुती यंत्रावर आणली. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या लोकप्रिय मालिकेतील तोर्नेको नावाचा गुबगुबीत व्यापारी तिने नायक म्हणून निवडला आणि ‘गूढ भुयार’ अशा अर्थाचे नाव असलेल्या या मालिकेची जाहिरात हजार वेळा खेळता येणारा खेळ म्हणून केली. १९९५ मध्ये त्याच कंपनीचा शिरेन हा भटका प्रवासी आला. दहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर २००५ रोजी, या भुयारांत पोकेमॉन उतरले: ‘रेड रेस्क्यू टीम’ निन्टेन्डोच्या गेमबॉय अॅडव्हान्सवर आणि ‘ब्लू रेस्क्यू टीम’ दोन पडद्यांच्या डीएस यंत्रावर, एकाच दिवशी. ‘पोकेमॉन मिस्ट्री डन्जन’ या नावाने ही मालिका पुढे चालू राहिली. २००७ मध्ये काळ आणि अंधार यांच्या शोधकांचे दोन खेळ, २००९ मध्ये त्यांचीच विस्तारित आकाश-आवृत्ती, आणि मार्च २०२० मध्ये पहिल्या खेळाची नव्याने चितारलेली आवृत्ती अशी तिची मुख्य स्थानके आहेत.

पोकेमॉन म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील आज तिशीत असलेल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही, कारण २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत दिसणारी ती मालिका गावोगावच्या केबलवरून घरात शिरली होती. मूळ खेळ १९९६ मधला असून त्यात १५१ प्राणी होते. त्यांचा जनक सातोशी ताजिरी याला लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता आणि शहर वाढत गेल्याने जी शेते व तळी नाहीशी झाली त्यांतला शोधाचा आनंद मुलांना परत मिळावा, ही त्याची इच्छा होती. मूळ खेळात माणूस हे प्राणी पकडतो आणि लढवतो. भुयारांच्या मालिकेने हे नाते उलटे केले. इथे खेळणारा एके सकाळी स्वतःच पोकेमॉन होऊन जागा होतो. कोणता, हे आरंभी विचारलेल्या स्वभावविषयक प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरते. भित्रा, हट्टी, शांत, उतावळा अशा ज्या वृत्ती त्या उत्तरांतून दिसतात त्यांनुसार यंत्र शरीर देते. राक्षसांकडे बाहेरून पाहणारा माणूस राक्षसांच्या गावात राहू लागतो, त्यांच्या दुकानात फळे घेतो, त्यांच्या पेढीत पैसे ठेवतो, आणि संकटात सापडलेल्यांना सोडवून आणणारे पथक उभारतो.

या खेळातील आनंदाचे पहिले आणि सर्वांत खोल कारण पावलात आहे. भुयाराची जमीन अदृश्य चौकटींत विभागलेली असते आणि खेळणाऱ्याने एक पाऊल टाकले, एक वार केला किंवा एक फळ खाल्ले की त्याच वेळी भुयारातील प्रत्येक जीव आपली एक कृती करतो. खेळणारा थांबला तर सारे जग थांबते. बोटांच्या चपळाईला इथे किंमत नाही. शत्रू दोन घरांवर असताना आपण पुढे सरकायचे की एक पाळी वाया घालवून त्याला जवळ येऊ द्यायचे, म्हणजे पहिला वार आपला होईल, एवढ्याशा विचारावर जीव वाचतो. मोक्षपटावर दान पडले की विचार संपतो. इथे दान पडले की विचार सुरू होतो. यंत्राने मांडलेल्या खोलीत कोणते शत्रू आहेत आणि हाती कोणत्या वस्तू लागल्या हे दैव झाले, पण त्या दैवाशी व्यवहार करायला खेळणाऱ्याला हवा तेवढा वेळ दिलेला असतो. दैव आणि विवेक यांची ही वाटणी अत्यंत न्याय्य आहे, आणि भुयारात मरण आले तर दोष बहुतेक वेळा आपल्याकडेच जातो, हे खेळणाऱ्याला मनोमन पटते. पुन्हा खेळावेसे वाटणे यातून जन्मते.

वेळ हवा तेवढा असला तरी पावले हवी तेवढी नसतात, ही दुसरी खुबी आहे. खेळणाऱ्याला पोट आहे. ठरावीक पावलांनंतर ते एकेक अंशाने रिकामे होते आणि पूर्ण रिकामे झाले की पावलागणिक प्राण घटू लागतो. त्यामुळे झोळीत सफरचंद ठेवावेच लागते. झोळीतील जागा मात्र मर्यादित. एक सफरचंद ठेवायचे तर एखादे औषधी फळ किंवा मेलेल्याला उठवणारे संजीवक बीज टाकून द्यावे लागते. एका मजल्यावर रेंगाळून सामर्थ्य साठवत बसणाऱ्यालाही सोडलेले नाही: फार वेळ झाला की काहीतरी जवळ येत असल्याचे इशारे मिळू लागतात आणि अखेर वाऱ्याचा झोत साऱ्या पथकाला भुयाराबाहेर फेकून देतो. जिना सापडला तरी उरलेल्या खोल्या पाहायच्या की लगेच पुढे जायचे, हा प्रश्न प्रत्येक मजल्यावर पुन्हा उभा राहतो आणि त्याचे उत्तर कधीही सारखे नसते, कारण पोट, झोळी, साथीदाराची जखम आणि पुढे किती मजले उरले आहेत याचा अंदाज ही चारही अंगे दर वेळी वेगळी असतात.

भुयारातील दुकान हा या निर्णयांचा कळस आहे. केक्लिऑन नावाचा रंग बदलणारा सरड्यासारखा प्राणी गालिचावर माल मांडून बसलेला अचानक भेटतो. माल उचलला की तो पैसे मागतो. पैसे नसतील आणि वस्तू जीवनावश्यक असेल, तर ती चोरून पळण्याचीही मुभा खेळ देतो. मग शिटी वाजते, भुयारभर केक्लिऑनच्या झुंडी उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढे बहुधा कोणाचाही निभाव लागत नाही. चोरी करू नये असा उपदेश खेळ कुठेही करत नाही, पण तिची किंमत स्पष्ट सांगून निवड उघडी ठेवतो. मुलांसाठी रचलेल्या खेळाने मुलांच्या बुद्धीवर दाखवलेला हा विश्वास मनापासून दाद देण्यासारखा आहे.

लढाईची जागा निवडणे ही याच विवेकाची पुढची पायरी होय. खोलीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या जीवाला आठही दिशांनी शत्रू वेढू शकतात. तोच जीव बोळात शिरला तर एका वेळी एकच शत्रू समोर येतो. काही खोल्यांत पाऊल टाकताच वरून दहा-बारा शत्रू कोसळतात, आणि तिथे टिकायचे असेल तर मागच्या बोळाचे तोंड गाठणे हाच मार्ग असतो. १६६० मध्ये घोडखिंडीत मूठभर मावळ्यांनी जे केले ते ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही.

राक्षसांचे वैविध्य हा या खेळाचा सर्वांत दृश्य भाग असला तरी केवळ संख्येने आनंद निर्माण होत नाही. पहिल्या खेळात ३८६ जातींचे पोकेमॉन आहेत, पण महत्त्व आहे ते प्रत्येकाच्या स्वभावधर्माला. अग्नीचा जीव गवताच्या जीवाला भारी, गवताचा पाण्याला, पाण्याचा अग्नीला. झोपवणारे वेगळे, भोवळ आणणारे वेगळे, दुरून मारणारे वेगळे. शत्रू ओळखणे म्हणजे त्याच्यावरचा उपाय ओळखणे, आणि हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, मार खाऊन येते. या रचनेला मराठी लोकजीवनात जवळचा पूर्वज आहे. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, खवीस, हडळ, जखीण, अमावास्येला भुतांची पालखी घेऊन निघणारा वेताळ आणि रात्री रानात वाटसरूला त्याच त्या जागी फिरवणारा चकवा या साऱ्यांची लोकसमजुतीत एक सुसंगत व्यवस्था आहे. प्रत्येकाची राहण्याची जागा, हिंडण्याची वेळ आणि त्याच्यापासून सुटण्याचा उपाय ठरलेला आहे. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळामास्तरांकडून अशा समजुतींची टिपणे मागवली होती. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केल्यानंतर एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती संपादित केली, आणि कोकणविषयीचा खंड १९१५ मध्ये निघाला. त्या टिपणांमागचा राज्यकर्त्याचा हेतू काहीही असो, त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते: ज्या भयाला नाव, जागा आणि उतारा मिळतो ते भय माणसाला पेलता येते. जपानमध्येही अठराव्या शतकात तोरियामा सेकिएन या चित्रकाराने अशा भुताखेतांची सचित्र सूची केली होती, आणि नऊ शेपटांच्या कोल्ह्याची जपानी लोककथा तर ‘रेस्क्यू टीम’च्या कथानकातच नाइनटेल्स नावाने वावरते. पोकेमॉनची वर्गवारी ही त्याच परंपरेची धाकटी बहीण आहे, आणि चकव्याची गोष्ट ऐकलेल्या अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातील मुलाला दर वेळी वाट बदलणारे भुयार परके वाटण्याचे कारण नाही.

हे सारे हातात मावणाऱ्या यंत्रावरच का रुजले, याचा विचार समीक्षेत फारसा होत नाही. गेमबॉय अॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, म्हणजे अगदी लहान. मोठी दृश्ये आणि दूरवरचे डोंगर त्यात शोभत नाहीत. एक खोली, एक बोळ, दोन साथीदार आणि समोरचा शत्रू मात्र नीट मावतात. पाळीपाळीने चालणारा खेळ असल्याने एसटीने खड्ड्यात आचका दिला तरी काही बिघडत नाही आणि थांबा आला की यंत्र मिटून ठेवता येते. एक मजला हे मोजमाप प्रवासाच्या तुकड्यांत बसणारे आहे. असे असूनही खेळ सैल होऊ दिलेला नाही: भुयारात हार दिसू लागली म्हणून कोणी यंत्र बंद केले, तर पुढच्या वेळी खेळ ती हारच धरतो. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात जत्रेतल्या दुकानांवर मिळणारा विटा रचण्याचा ब्रिक गेम हे पुष्कळ मुलांचे पहिले हातातले यंत्र होते. निन्टेन्डोची महागडी यंत्रे बहुधा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातूनच येत. पोकेमॉनचा व्यापक खेळकरी वर्ग इथे निर्माण झाला तो मोबाइलमुळे. ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्यातील प्राण्यांना हिंदी नावेही मिळाली.

‘गो’मध्ये नसलेली आणि भुयारांच्या मालिकेत केंद्रस्थानी असलेली गोष्ट म्हणजे साथ. पहिल्या भुयारापासून एक मित्र बरोबर असतो. तो यंत्राच्या बुद्धीने चालतो, कधी चुकीच्या बोळात शिरतो, कधी वाया जाणारा वार करतो. आणि कथानक चालू असेपर्यंत तो कोसळला तरी मोहीम संपते. आपला जीव दुसऱ्याच्या जिवाला असा बांधला गेल्याने शेवटचे औषधी फळ कोणी खावे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. ज्याला सोडवायला गेलो तो जीव बरोबर चालत असताना वाटेत पडला तरी काम फसते. पहिले काम आहे तेही एका सुरवंटाला त्याच्या फुलपाखरू-आईकडे नेऊन पोहोचवण्याचे. खेळाच्या शीर्षकातच असलेली सोडवणूक नियमांतही इतकी खोल मुरलेली आहे.

यातील एक योजना तर असामान्य होती. खेळणारा एखाद्या खोल मजल्यावर पडला तर त्याने शरणागती पत्करून पैसे आणि वस्तू गमवाव्यात किंवा मदतीची हाक द्यावी. हाक म्हणजे चिन्हांची एक लांबलचक ओळ. ती कागदावर उतरवून मित्राला द्यायची. मित्राने आपल्या यंत्रात ती भरून त्याच भुयारात, त्याच मजल्यापर्यंत स्वतः पोहोचायचे आणि तिथून परत आणलेली दुसरी ओळ पडलेल्याला कळवायची. मग तो पडला होता तिथेच उठून पुढे चालू लागे आणि आभाराचे पत्र व भेट परत पाठवू शके. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या काळात, दोन वेगळ्या यंत्रांतील दोन वेगळ्या मुलांना कागदाच्या एका चिठोऱ्याने जोडणारी ही कल्पना आहे. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या वाटांवर, विशेषतः नळीच्या वाटेसारख्या अवघड चढणीवर, अडकलेल्यांना शोधून आणणाऱ्या गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी पथकांना तिच्यातले सत्य ओळखीचे वाटेल: सोडवायला जाणाऱ्याला तेवढीच चढण चढावी लागते.

हरिश्चंद्रगडाशी या मालिकेचा आणखी एक धागा जुळतो. गडावरील केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात मोठे शिवलिंग आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत असून ते चार खांब म्हणजे चार युगे आणि शेवटचा कोसळला की जगाचा अंत, अशी लोकसमजूत सांगितली जाते. २००७ च्या खेळाचे कथानक अशाच कल्पनेवर उभे आहे. काळाचा तोल सांभाळणारा एक मनोरा ढासळू लागला आहे. तो पूर्ण पडला की काळ थांबेल, वारा वाहणार नाही, सूर्य उगवणार नाही. हे थांबवायचे तर इतिहास बदलावा लागतो, आणि इतिहास बदलला तर त्या अंधाऱ्या भविष्यातून आलेले सारे जीव, त्यांत खेळणारा स्वतःही, नाहीसे होतात. ज्या मित्राबरोबर साऱ्या भुयारांतून वाट काढली त्याला हे न सांगता शेवटचा मनोरा चढावा लागतो. पोरकट वाटणाऱ्या चेहऱ्यांच्या प्राण्यांनी खेळलेले हे नाट्य जगभरच्या मुलांना रडवून गेले, आणि त्याचे सामर्थ्य केवळ लेखनात नाही. मजल्यामागून मजला, अर्धे सफरचंद वाचवत, खेळणाऱ्याने ती मैत्री स्वतः कमावलेली असते. कादंबरीच्या वाचकाला हे श्रम करावे लागत नाहीत.

दोषही सांगितले पाहिजेत. व्यावसायिक समीक्षकांनी पहिल्या दोन्ही खेळांचे स्वागत संमिश्र केले, आणि त्यांचा मुख्य आक्षेप पुनरावृत्तीचा होता. तो निराधार नाही. यंत्राने मांडलेल्या खोल्या वेगळ्या असल्या तरी एकाच प्रकारच्या असतात, भिंतींचा रंग बदलला म्हणून भुयाराचा स्वभाव बदलत नाही, आणि सामान्य सोडवणुकीची कामे विसाव्या वेळी केवळ कामेच वाटतात. परंतु कथा संपल्यानंतर उघडणारी कठीण भुयारे या आक्षेपाला उत्तर देतात. ‘रेस्क्यू टीम’मधील शुद्धतेचे अरण्य ९९ मजल्यांचे आहे, तिथे साथीदार नाही, झोळी रिकामी, आणि इतक्या कष्टाने मिळवलेले सामर्थ्य दारातच उतरवून पहिल्या पायरीवर आणलेले. उरते ते फक्त खेळणाऱ्याच्या डोक्यातले. मोक्षपटाच्या कर्त्यांना हे भुयार आवडले असते. याउलट २०२० च्या आवृत्तीत यंत्रालाच चालायला सांगण्याची सोय आली, जिच्यामुळे पथक आपोआप खोल्या धुंडाळत जिन्यापर्यंत जाते. चित्रे अधिक सुंदर झाली, अडचणी कमी झाल्या, पण ज्या पावलात या खेळाचा रस होता ते पाऊलच खेळणाऱ्याकडून काढून घेतले गेले; ही सुधारणा नव्हे.

महाराष्ट्रात असा खेळ रचण्याची तांत्रिक क्षमता आहे, याचा पुरावा पुण्यात आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या तिथल्या संस्थेने रचलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डोच्या स्विच या हातातल्या यंत्रावरच आला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा देवीच्या त्रिशूळापासून राजस्थानी वास्तुशिल्पापर्यंत सारे भारतीय साहित्य वापरते आणि जगभर तिची दखल घेतली गेली. तिची वाट मात्र आधी आखलेली आहे. तीच गच्ची, तोच असुर, त्याच क्रमाने. दर वेळी नव्याने मांडले जाणारे भुयार हा वेगळा मार्ग अजून मोकळा आहे, आणि लहान संस्थेला तो अधिक परवडणारा आहे, कारण त्यात हजार दृश्ये रंगवावी लागत नाहीत, काही नियम मात्र फार विचारपूर्वक घडवावे लागतात.

सामग्रीची वाण नाही. रतनगडाच्या माथ्यावरचे आरपार नेढे, साम्रदजवळची सांदण दरी, १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची चढण, अहिल्यानगरचा भुईकोट आणि १५९५-९६ च्या वेढ्यात तिथे रातोरात बुजवले गेलेले तटाचे भगदाड, रतनगडाच्या कुशीत उगम पावून नेवाशावरून टोक्याला गोदावरीला मिळणारी प्रवरा, मुंजा आणि गिऱ्हा, आणि घरांना नावे असलेला मोक्षपट: हे सारे एकाच जिल्ह्याच्या आवाक्यात आहे. पोकेमॉनच्या भुयारांची मराठी आवृत्ती आजवर निघालेली नाही. संगणकशास्त्र शिकणाऱ्या अहिल्यानगर, संगमनेर, लोणी आणि श्रीरामपूर येथील विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधताना या कामाचा विचार करावा, आणि आरंभ चित्रांपासून न करता भूक, झोळी आणि साथीदार या तीन नियमांपासून करावा.